कट म्हणेपर्यंत

गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर देवळाचे भाई मानकरी माझ्याशी बोलणं टाकतील. मिठबावच्या अलीकडे आहे एवढं पुरे. पुढे दर्या, मागे कातळ, मधे माडांच्या बागा आणि पावणाई देवीचं देऊळ. या गावच्या सत्यवान बुवांची गोष्ट आहे. गोष्ट संपली तरी बुवांच्या डोक्यातला गुंता काही सुटलेला नाही, आणि खरं सांगायचं तर माझाही नाही.

सत्यवान बुवा म्हणजे आमच्या खालच्या वाडीचे भजनी बुवा. वय छप्पन. शेतीभाती, थोडे काजू, आणि उरलेला सगळा जीव पेटीवर. तीस वर्षं लवू पखवाजाला आणि बुवा पेटीला, अशी ही जोडी. बुवांनी एक गजर बांधला होता. अगदी साधा. बुवांनी ओळ टाकायची, 'दर्यात होडी, कातळार गुरां', आणि साऱ्यांनी उत्तर द्यायचं, 'राख गे माये, राख'. पुढच्या ओळीत मुंबईला गेलेला झील, म्हणजे मुलगा, यायचा, त्याच्या पुढच्या ओळीत पोटुशी सून. जे जे सांभाळायचं असेल ते ओळीत घालायचं आणि उत्तर तेच. बायका चुलीपाशी बसून उत्तर द्यायच्या, पोरं पडवीतून द्यायची. उत्तर आलं नाही तर गजराला काही अर्थच नाही, तो निम्मा माणसांचाच होता.

बुवांचा पुतण्या कौस्तुभ. हुशार पोर, कुडाळला नोकरीला, आणि मोबाइलवर व्हिडिओ काढण्यात वाकबगार. त्याला वाटलं, काकांचा गजर जगाला कळला पाहिजे. वाटलं ते चांगलंच वाटलं, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. मे महिन्यात त्याने बुवांना कुडाळला नेऊन एका लहानशा स्टुडिओत गाणं रेकॉर्ड करून घेतलं. मग दोन दिवस किनाऱ्यावर शूटिंग. दोन मुली नऊवारी नेसून नाचल्या, वरून ड्रोन फिरला, बुवांच्या तोंडाला पावडर लावली.

"काका, तुमी आवाज काढू नकात हां," कौस्तुभने बजावलं. "काढलात तर मानेची शीर ताणता, मगे कॅमेऱ्यात बरां दिसना नाय. नुसता तोंड हलवा. लवूकाका, तुमी हात वर उचला, पण थाप मारू नकात. आनी शेवटाक दोगांनी वर बघून गप रवा. मी कट म्हणीपर्यंत हलाचा नाय."

बुवांना मोठं विचित्र वाटलं. छप्पन वर्षांत तोंड उघडलं आणि आवाज आला नाही, असं तापातसुद्धा झालं नव्हतं. पहिल्या दिवशी चुकून तीनदा आवाज बाहेर पडला आणि तीनदा कौस्तुभ ओरडला. दुसऱ्या दिवशी मात्र जमलं. इतकं जमलं की कौस्तुभ म्हणाला, काका, तुमी जन्माचे ॲक्टर.

व्हिडिओ आला आणि दोन महिन्यांत अकरा लाख लोकांनी पाहिला. गावात नुसता गाजावाजा. बुवा बाजारात गेले तरी माणसं वळून बघायची. कुणकेश्वराच्या यात्रेला येऊन गेलेल्या कोणीतरी फोन करून सांगितलं, आमच्या ऑफिसात सगळ्यांकडे तुमचा व्हिडिओ आहे. बुवा हरखले. कोण हरखणार नाही? पण संध्याकाळी ओट्यावर बसून ते खालचे अभिप्राय वाचायला लागले आणि त्यांचं डोकं फिरलं.

त्याचं असं झालं होतं की शूटिंगच्या वेळी किनाऱ्यावरचं एक पांढरं कुत्रं बुवांच्या बाजूला येऊन बसलं होतं आणि ऐन गजरात त्याने लांबलचक जांभई दिली होती. कौस्तुभने ती ठेवली. आता अकरा लाखांतल्या निम्म्या लोकांना त्या कुत्र्याचं कौतुक. कुत्रा कोणाचा, कुत्र्याचं नाव काय, कुत्रा किती गोड. उरलेल्यांना नऊवारीचा रंग आणि हा किनारा नेमका कुठे येतो ते हवं होतं. बुवा चष्मा पुसून पुसून वाचत होते, चालीबद्दल कोणी काही लिहिलंय का. साडेतीनशेव्या की चारशेव्या ठिकाणी एक सापडलं. कोणा भल्या माणसाने लिहिलं होतं, 'बॅकग्राऊंड म्युझिक छान आहे.'

बुवांनी ते दोनदा वाचलं. मग लवूला दाखवलं.

"म्हणजे बरां म्हटल्यान की वायट?" बुवांनी विचारलं.

"छान म्हटल्यान," लवू म्हणाला.

"पण बॅकग्राऊंड म्हणजे मागचा. मी मागे हुतंय? मगे म्होरे कोण हुतो?"

"कुत्रो," लवू म्हणाला आणि पोट धरून हसत सुटला. बुवाही हसले, पण त्यांना ते लागलं. देवगडच्या बाजारात एका बाईने पोराला बोट दाखवून सांगितलं होतं, ते बघ कुत्र्याचे बुवा. आनंद मानायचा की राग मानायचा हेच कळेना. गाणं आवडलं म्हणावं तर कोणी गुणगुणत नाही. आवडलं नाही म्हणावं तर अकरा लाख कुठून आले? यशोदाबाईंना, म्हणजे बुवांच्या बायकोला, त्यांनी विचारून पाहिलं. तिने व्हिडिओ एकदाच पाहिला होता. ती म्हणाली, "तेच्यात तुमी पीठ पडल्यासारखे गोरे दिसतास," आणि गोठ्याकडे निघून गेली.

एवढ्यावर थांबलं असतं तर गोष्ट सांगायचं कारण नव्हतं. पण कार्तिक आला. भात झोडून झालं आणि देवळात सप्ताह बसला.

आमच्या सप्ताहाची रीत कडक आहे. सात दिवस, सात रात्री समई तेवत राहायची आणि देवळातलं भजन थांबायचं नाही. अभंग असो, गजर असो, नाहीतर नुसतं नाव, पण ते क्षणाक्षणाला कोणाच्या तरी तोंडात असलंच पाहिजे. वाडीवाडीने पाळी वाटून घ्यायची, तिला आमच्याकडे पार म्हणतात. एका वाडीचा पार संपायच्या आत दुसऱ्या वाडीने सूर धरायचा, मधे श्वासाएवढी फट नको. फट पडली तर सप्ताह तुटला, आणि तुटला तर पुन्हा पहिल्या दिवसापासून मांडायचा. बुवांच्या आज्याच्या वेळेला एकदा शेवटच्या दिवशी तुटला होता म्हणतात. तेव्हा चौदा दिवस गाव देवळात होता. म्हणून पाराला उभं राहणारा बुवा जेवतानाही पुढची ओळ मनात घोळवत असतो.

खालच्या वाडीचा पार तिसऱ्या दिवशी दुपारी बारा ते तीन. यंदा गर्दी विचारू नका. मुंबईकर तर आलेच, पण कुडाळ, कणकवलीहून गाड्या करून माणसं आली होती, व्हिडिओतले बुवा बघायला. दोन-अडीच तास बुवा नेहमीसारखे गायले. घामाघूम झाले, छान गायले. पण लोक आपले थांबलेले, त्यांना तोच गजर हवा. अडीचच्या सुमाराला बुवांनी लवूकडे बघून मान हलवली, आता घेऊया.

आणि नेमकं त्या वेळी भोंग्यातून बासरी सुरू झाली. व्हिडिओतली बासरी. भोंग्याचं काम कौस्तुभकडे होतं. त्याने लोकांना खूश करायला म्हणून गाणं लावलं, म्हणजे समोर बुवाही आहेत आणि आवाजही झकास. काकांना आधी सांगायला हवं होतं, एवढंच त्याच्या डोक्यात आलं नाही. समोर तीनशे मोबाइल वर झाले. रेकॉर्डिंगमध्ये आपला आवाज नको म्हणून माणसं शिस्तीत गप झाली. पोरांच्या तोंडावर आयांनी हात ठेवले.

बुवांनी मोबाइल पाहिले, बासरी ऐकली, आणि त्यांच्या मानेची शीर आपोआप सैल पडली. तोंड उघडलं. आवाज भोंग्यातून आला. लवूचा हात वर गेला आणि पखवाजाच्या वर बोटभर थांबला. चार मिनिटं गजर देवळात दुमदुमला आणि सबंध देवळात एकही माणूस गात नव्हता.

मग गाणं संपलं. बुवांनी वर बघितलं आणि हात जोडून थांबले. लवू थांबला. तीनशे माणसं थांबली. समईची वात तडतडली ती बुवांना ऐकू आली. बाहेर चिंचेवर कावळा ओरडला तो ऐकू आला. बुवा कट म्हणायची वाट बघत होते.

"ओके! एकदम भारी!" कौस्तुभ ओरडला.

तेव्हा बुवांना जाग आली. त्यांनी घाईने पेटीचा भाता ओढून मिळेल त्या सुरात नाव उचललं. लवूनेही थाप मारली. गर्दीने टाळ्या वाजवल्या. पार तीनला संपला, वरच्या वाडीने सूर धरला, आणि लोकांनी बुवांच्या पाया पडून सांगितलं, बुवा, अगदी व्हिडिओसारखं!

त्या दिवशी बुवा जेवले नाहीत. सप्ताह आपल्या तोंडून तुटला, या विचाराने त्यांना आतून पोखरायला सुरुवात केली. पण तुटला तरी कसा म्हणायचा? आवाज तर देवळात होता, आणि तो त्यांचाच होता. बरं, तुटला नाही म्हणावं, तर शेवटच्या त्या चार श्वासांचं काय? दुसऱ्या दिवशी ते सगळ्यांच्या तोंडाकडे बघत हिंडले. कोणाच्याच चेहऱ्यावर काही नव्हतं. जणू बुवांनाच काहीतरी भास झाला होता.

पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी मन घट्ट केलं आणि भाई मानकऱ्यांचं घर गाठलं. देवळाचा सगळा कारभार भाईंकडे. बुवांनी सगळं सांगितलं. भाईंनी ऐकून घेतलं, चष्मा लावला आणि मोबाइल काढला. कौस्तुभने त्याच संध्याकाळी देवळातला व्हिडिओ टाकला होता.

"सत्यवाना, तुका येड लागला काय? ह्यो बघ. तोंड उघडा आसा, आवाज येता. आनी काय होया?"

बुवांनी पाहिलं. चित्र देवळातलं होतं आणि आवाज स्टुडिओतला, कौस्तुभने दोन्ही बेमालूम जोडलं होतं. बुवा गात होते. काय सुरेख गात होते! गाणं संपल्याबरोबर लगेच टाळ्या. कावळा नाही, वात नाही, मधे थांबणं नाही.

"भाई, तो आवाज माझोच. पण तवा मी गावक नाय."

"मगे कोण गायलो?"

"मीच. पण कुडाळात. मे म्हयन्यात."

भाईंनी चष्मा काढला. "तोंड तुझा, आवाज तुझो, देऊळ पावणाईचा. मगे तुटला खंय?"

"कौल लावया, भाई. देवीकच इचारुया."

"आनी देवीन तुटलो म्हणान सांगल्यान तर? परत पयल्यापासून मांडूचो? लोकांनी मुंबैची तिकिटा काढलेली आसत, सत्यवाना. कोण रवतलो? जा, घराक जा. वायच झोप काढ."

बुवा तिथून उठले ते थेट लवूकडे. लवू अंगणात सुपाऱ्या वाळत घालत होता.

"लवू, खरा सांग. त्या गजराक तू वाजवलंस?"

"वाजवलंय तर! हात बघ कसो सुजलो."

"तो तीन तास वाजवलंस म्हणान सुजलो. मी त्या चार मिन्टांचा इचारतंय."

"चार मिन्टांचो हात काय येगळो दुखता?" लवू तावातावाने म्हणाला. मग सुपारी हातातच धरून बसला. त्याचा आवाज उतरला. "माका म्हायत नाय, बुवा. मी व्हिडिओ बघितलंय. तेच्यात मी वाजवतंय."

आता आली का पंचाईत! तीस वर्षांचा साथीदार, आणि आपण वाजवलं की नाही ते बघायला तो मोबाइल उघडतो. बुवांना राग यायला हवा होता, पण आला नाही, कारण भाईंच्या घरून निघाल्यापासून त्यांच्याही मनात तेच चाललं होतं. असेल, गायलोही असेन. दिसतंय ना. छप्पन वर्षांच्या माणसाच्या आठवणीवर विश्वास ठेवायचा की समोर दिसतंय त्यावर? वाटेत त्यांनी एकदा तोंड उघडून 'दर्यात होडी' म्हणून पाहिलं. आवाज आला. पण तो आतून आला की कुठल्यातरी भोंग्यातून, अशी शंका येऊन ते भर रस्त्यात उभे राहिले. मागून येणाऱ्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला तेव्हा बाजूला झाले.

पाय देवळाकडेच वळले. आत मधल्या वाडीचा पार चालला होता. बुवांना आत जायचा धीर होईना, म्हणून ते वळसा घालून मागच्या मांडवात गेले. सप्ताहाचा सगळा स्वयंपाक तिथे होतो. बायका काळ्या वाटाण्याच्या उसळीच्या तयारीत होत्या. यशोदाबाई विळीवर नारळ खवत होत्या. पाच दिवस त्या पहाटे येत होत्या आणि रात्री घरी जाऊन आडव्या होत होत्या, त्यामुळे नवरा-बायकोचं धड बोलणं झालं नव्हतं. आणि बुवांना बोलायची लाजही वाटत होती.

ते तिच्याजवळ पाटावर बसले.

"यशोदे, तुका एक सांगूचा आसा. त्या दिवशी, पाराक..."

"तुमी गावक नाय ता?" खोबऱ्यावरून नजर न काढता ती म्हणाली.

बुवा पाटावरून पुढे सरकले. "तुका कोणी सांगल्यान?"

"सांगूक कित्याक होया? तुमी 'कातळार' म्हटल्यार श्वास घेतास. लग्न झाल्यापासून आयकतंय. त्या दिवशी श्वास आयकाकच येवक नाय. मी ह्या जानकीक म्हटलंय, ह्ये आज श्वास न घेता गातत की काय!"

शेजारी बसलेल्या जानकीने मान डोलावली. बुवांना आठवलं, स्टुडिओतल्या मुलाने सांगितलं होतं की गाण्यात हवेचा आवाज येतो, तो पुसून टाकतो. तेव्हा त्यांना ते बरंच वाटलं होतं.

म्हणजे भास नव्हता. दोन दिवसांनी पहिल्यांदा कोणीतरी त्यांना खरं ते सांगितलं.

"मगे तुटलो, यशोदे. माझ्या तोंडार सप्ताह तुटलो."

"तुटता कसो? आमी हुतंव मां."

"म्हणजे?"

"ता गाणा संपला आनी सगळा चिडीचूप. मी म्हटलंय, ह्येंका काय झाला? नाव थांबता नये. मगे हयच बसान मीच हळू म्हटलंय, 'राख गे माये, राख'. जानकीय म्हणाक लागली माझ्यावांगडा. तुमचो आवाज येयपर्यंत आमी सोडूक नाय."

"आनी ता गाणा वाजत हुता तवा?"

"तवाय म्हणत हुतंव. दर वर्साक म्हणतंव. उत्तर नको देवक?" यशोदाबाईंनी करवंटी बाजूला टाकली आणि दुसरी वाटी घेतली.

"माका सांगलंस कित्याक नाय?"

"सांगूचा काय तेच्यात? दूध उतू जाताना दिसला तर टोप उतरवतंय, ता काय तुमका येवन सांगतंय?"

देवळातून टाळांचा आवाज येत होता आणि मांडवातल्या बायका कामं करता करता अधूनमधून त्याला उत्तर देत होत्या. कोणाचं लक्षही नव्हतं. तीस वर्षं हे उत्तर मागून येत होतं आणि बुवा समोर बघून गात होते. मोठं ओझं उतरलं होतं. सप्ताह तुटला नव्हता, गाव वाचला होता, पावणाईपुढे मान वर करून उभं राहता येणार होतं. पण ज्या चार मिनिटांसाठी तीनशे माणसं गाड्या करून आली होती, त्या चार मिनिटांत देवीचं नाव घ्यायला बुवांची गरजच लागली नव्हती. अकरा लाखांत कोणाला कळलं नाही आणि नारळ खवणाऱ्या बाईला श्वासावरून कळलं. याचं सुख मानावं की दुःख, हे काही केल्या त्यांना ठरवता येईना. ते तसेच पाटावर बसले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. खांद्यावरच्या टॉवेलात तोंड घालून ते हुंदके द्यायला लागले. जानकी उठून चुलीकडे गेली.

यशोदाबाईंनी विळी आडवी केली, पदराला हात पुसले आणि नवऱ्याचं तोंड टॉवेलातून बाहेर काढून नीट निरखून पाहिलं.

"आता रडतास," ती म्हणाली, "ता तरी तुमीच रडतास मां?"